फ्लाइट सिम्युलेटरसाठी घरचा प्रोजेक्टर : चित्र किती मोठं, किती लांब, आणि त्यावर दाखवायचं काय?

क्षितिजवेडा (धागाकर्ता)

प्रोजेक्टरवर फ्लाइट सिम्युलेटर चालवावा का, हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर सुटासुटा येतो आणि चर्चा दर वेळी ल्युमेन (प्रोजेक्टरचा प्रकाश) आणि फोर-के (चित्रातले पिक्सेल) यांच्यापाशीच अडते. माझ्या मते त्याआधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मत आधीच सांगून टाकतो. प्रोजेक्टरवर फक्त काचेबाहेरचं जग दाखवावं. घड्याळं, डिस्प्ले, बटणं, म्हणजे अख्खं पॅनेल, तिथे आणूच नये. ते बाहेरचं जग खऱ्या कोनात दाखवावं आणि क्षितिज आपल्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवावं. एवढं जमलं तर साध्या फुल एचडी प्रोजेक्टरवरही उतरताना जमीन वर येतेय हे अंगाला कळतं. नाही जमलं तर चित्र नुसतंच मोठं होतं.

आता कोनाचं गणित. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंमी रुंद असतो. ७० सेंमीवरून पाहिला तर तो नजरेचे आडवे ४६ अंश व्यापतो. १०० इंची पडदा (१६:९) २.२१ मीटर रुंद. त्याच्यापासून २ मीटरवर बसलात तर ५८ अंश. म्हणजे एवढा खटाटोप करून जेमतेम १२ अंश वाढले. तरीही पडद्यासमोर बसल्यावर अनुभव एकदम बदलतो, आणि त्याचं कारण आकारापेक्षा अंतरात आहे.

७० सेंमीवरच्या वस्तूकडे पाहताना दोन्ही डोळे आत वळतात, भिंग जवळचा फोकस धरतं, आणि मेंदूला पक्कं कळतं की ही हाताच्या अंतरावरची वस्तू आहे. त्यावर डोंगर दाखवा नाहीतर ढग, ते तिथेच चिकटलेले वाटतात. २ मीटरवर या खुणा बऱ्याच क्षीण होतात. दुसरं म्हणजे डोक्याची हालचाल. डोकं १० सेंमी बाजूला गेलं तर मॉनिटरचा मध्य नजरेत ८ अंश सरकतो, २ मीटरवरच्या पडद्याचा ३ अंशांहूनही कमी. खरा डोंगर तर जागचा हलतच नाही. विमान कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये यासाठीच कॉलिमेटेड डिस्प्ले असतो. प्रोजेक्टर वरच्या एका पडद्यावर चित्र टाकतात आणि वैमानिक ते मोठ्या वक्र आरशात पाहतो, त्यामुळे प्रकाशकिरण जवळपास समांतर येतात आणि चित्र फार दूर असल्यासारखं दिसतं. घरी तो आरसा परवडणार नाही, पण अंतर वाढवणं आपल्या हातात आहे.

त्यामुळे खोलीत जागा असेल तर १०० इंच २ मीटरवरून पाहण्यापेक्षा १२० इंच २.४ मीटरवरून पाहा. कोन तोच, ५८ अंश. पण चित्र जास्त दूर, म्हणून जास्त खरं.

स्वतःचा कोन काढायची रीत : चित्राच्या रुंदीचा अर्धा भाग भागिले डोळ्यापासूनचं अंतर, त्याचा टॅन-इन्व्हर्स, गुणिले दोन. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये हा आकडा सेटिंगमध्ये थेट अंशात भरता येतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० आणि २०२४ या दोन्ही आवृत्त्यांत झूमचा स्लायडर असतो, तिथे आडमार्गाने जावं लागतं. सूर्य क्षितिजाजवळ असेल अशी वेळ निवडा. कॅमेरा अगदी समोर, पंख समतल. सूर्य चित्राच्या डाव्या कडेवर असताना हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशांत) लिहून घ्या, मग विमान वळवून तो उजव्या कडेवर आणा आणि पुन्हा हेडिंग वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे सिम्युलेटर सध्या दाखवतोय तो आडवा कोन. तो तुमच्या खोलीतल्या कोनाशी जुळेपर्यंत झूम बदलत राहा.

बहुतेक जण पॅनेल दिसावं म्हणून झूम कमी ठेवतात. मग ९० अंशांचं जग ५८ अंशांत कोंबलं जातं, धावपट्टी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते, आणि फ्लेअर (टेकण्याआधी नाक किंचित उचलणं) कधी करायचा याचा अंदाज बिघडतो. लँडिंग नीट होत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी झूम विचारतो.

शिकाऊ_वैमानिक

उत्तम धागा. क्षितिजाच्या पातळीबद्दल थोडं विस्ताराने सांगाल का? माझ्याकडे प्रोजेक्टर छताला आहे आणि चित्र सिनेमासाठी लावलंय, म्हणजे बऱ्यापैकी वर. बसून पाहताना मान किंचित उंचावावी लागते.

आणि पॅनेल पडद्यावर नाही तर वेग-उंची वाचायची कुठे?

क्षितिजवेडा (धागाकर्ता)

विमान समतल आणि कॅमेरा सरळ असेल तर सिम्युलेटर क्षितिज चित्राच्या बरोबर मध्यावर काढतो. खऱ्या आयुष्यात क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं (खूप उंचावर गेल्यावर थोडं खाली जातं, ते सोडून द्या). तुमच्या चित्राचा मध्य डोळ्यांच्या ४० सेंमी वर असेल तर २ मीटरवरून क्षितिज ११ अंश वर दिसणार. मग समतल उडतानाही नाक खाली गेल्याचा भास होतो आणि हात नकळत स्टिक ओढतो.

खुर्चीत बसून जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ११५ सेंमी आलं. १०० इंची चित्र १२५ सेंमी उंच असतं, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून साधारण ५० सेंमीवर यायला हवी. सिनेमावाल्यांना हे फारच खाली वाटेल. चित्र हलवणं शक्य नसेल तर खुर्ची उंच करा, चौथरा करून त्यावर ठेवा. एक्स-प्लेनमध्ये कॅमेऱ्याला उभा ऑफसेट अंशात देता येतो, तो शेवटचा उपाय.

घिरट्या

वेग-उंचीचं मी सांगते, कारण माझा सगळा जीव पॅनेलमध्येच आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उजवी ऑल्ट दाबून कॉकपिटमधल्या डिजिटल डिस्प्लेवर क्लिक केलं की तो वेगळ्या विंडोत निघतो. ती विंडो ओढून दुसऱ्या मॉनिटरवर ठेवायची. एक्स-प्लेनमध्ये जी-१००० सारखे डिस्प्ले असेच बाहेर काढता येतात. जुन्या पद्धतीची काटेवाली घड्याळं हवी असतील तर एअर मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते ती वेगळ्या स्क्रीनवर किंवा टॅब्लेटवर काढतं. मायक्रोसॉफ्टमध्ये अशी प्रत्येक विंडो थोडे फ्रेम (दर सेकंदाला काढली जाणारी चित्रं) खाते, त्यामुळे गरजेच्या तेवढ्याच काढा. मी मुख्य डिस्प्ले आणि नकाशा एवढेच ठेवते.

हा छोटा मॉनिटर मांडीच्या वर, पडद्याच्या खालच्या कडेच्या पुढे तिरका ठेवायचा. त्याने चित्राचा तळ थोडा झाकला जातो, आणि झाकला जायलाच हवा, कारण खऱ्या विमानातही ग्लेअरशील्ड (पॅनेलवरची झापड) तिथे असतंच. त्याला वरून काळं कापड किंवा पुठ्ठ्याची झापड लावा म्हणजे मॉनिटरचा उजेड पडद्यावर जाणार नाही. यात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे नजरेची ये-जा. बाहेर दूर पाहायचं, मग आत जवळ पाहायचं, फोकस बदलायचा. उड्डाण शिकताना हीच सवय अंगी लावून घ्यावी लागते आणि एकाच मॉनिटरवर तिचा सराव होत नाही.

सरळरेषा

धागाकर्त्याचं कोनाचं विवेचन पटलं. पण प्रत्यक्ष खोलीत पहिली अडचण येते ती स्वतःच्या डोक्याची सावली. त्यावर कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

प्रोजेक्टरच्या माहितीत थ्रो रेशो हा आकडा पाहा. तो म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. नेहमीच्या प्रोजेक्टरचा थ्रो १.५ च्या आसपास असतो. २.२ मीटर रुंद चित्रासाठी तो ३.३ मीटर मागे लागतो, म्हणजे २ मीटरवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे. किरण डोक्यावरून जायचे तर प्रोजेक्टर छताशी हवा. आणि छताशी लावला की चित्र खाली आणायची पंचाईत, जी वर शिकाऊ_वैमानिक यांची झालीय. इथे लोक प्रोजेक्टर वाकवतात, चित्र समलंब चौकोन होतं, आणि ते कीस्टोन करेक्शनने सरळ करतात. सिम्युलेटरसाठी हे टाळाच. कीस्टोनमध्ये प्रोजेक्टरच्या चिपचे काही पिक्सेल वाया जातात, उरलेल्यांवर चित्र पुन्हा मांडल्याने बारीक रेषा मऊ होतात, आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो तो वेगळाच. बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये गेम मोड (उशीर कमी करणारं सेटिंग) लावला की कीस्टोन बंदच होतं. उभा लेन्स शिफ्ट असलेला प्रोजेक्टर घेतला तर यंत्र सरळ ठेवूनच चित्र खाली सरकवता येतं.

माझी पसंती शॉर्ट थ्रोला. ०.५ थ्रोचा प्रोजेक्टर त्याच चित्रासाठी १.१ मीटरवर बसतो, म्हणजे तुमच्या पुढे. सावलीचा प्रश्नच मिटला. पायांच्या पुढे, पॅनेलच्या टेबलाखाली ठेवला तर चित्रही आपोआप खालून सुरू होतं.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे भिंतीला जवळजवळ टेकून बसणारे, ते मात्र भिंतीवर नकोत. त्यांचे किरण इतके तिरके येतात की भिंतीतला किंचितसा फुगवटाही लाटेसारखा दिसतो, आणि सिम्युलेटरमध्ये क्षितिजाची रेषा सतत समोर असल्यामुळे ती लाट पहिल्यांदा तिथेच दिसते. त्यांना ताणून बसवलेला सपाट पडदा लागतोच.

शिकाऊ_वैमानिक

सरळरेषा, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. आता प्रोजेक्टर खाली आणायचा विचार पक्का होतोय. आदेश दिल्यापासून चित्र बदलेपर्यंतच्या उशिराबद्दल, म्हणजे इनपुट लॅगबद्दलही सांगा ना. नेमबाजीच्या खेळांसाठी लोक फारच काटेकोर असतात. इथे किती महत्त्वाचा?

सरळरेषा

मध्यम. विमान जड असतं, आदेश देणं आणि दिशा बदलणं यांत त्याचा स्वतःचाच वेळ जातो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. गेम मोडमधले आजचे चांगले प्रोजेक्टर एक-दोन फ्रेमच्या उशिरात असतात, ते पुरेसं आहे. गेम मोड नसलेले किंवा त्यात फ्रेम इंटरपोलेशन (मधल्या फ्रेम स्वतः बनवणं) चालू ठेवलेले प्रोजेक्टर १०० मिलिसेकंदांपर्यंतही जाऊ शकतात. तेवढा उशीर प्रवासी विमान सरळ उडवताना कळणार नाही, पण हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरताना किंवा वाऱ्यात फ्लेअर करताना नक्की कळेल. हात दुरुस्ती करतो, चित्र मागून येतं, हात पुन्हा उलटी दुरुस्ती करतो, आणि झोके वाढत जातात.

रात्रपाखरू

मी जवळजवळ फक्त रात्रीच उडतो (सिम्युलेटरमध्ये!), म्हणून माझा अनुभव वेगळा आहे आणि तो ल्युमेनच्या विरुद्ध बाजूचा आहे.

१०० इंची चित्राचं क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर १००० ल्युमेन पडले तर सुमारे ११५ निट उजळपणा मिळतो. सिनेमागृहाच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट आहे. म्हणजे खोली खरंच काळोखी असेल तर १००० खरे ल्युमेन दुपटीहून जास्त झाले. ३००० ल्युमेन हवेत ते खिडकीतून उजेड येणाऱ्या खोलीत. काळोख्या खोलीत त्या जादा प्रकाशाने काळाही उजळतो. मग रात्रीचं आकाश राखाडी, आणि धावपट्टीचे दिवे त्या राखाडीत तरंगणारे ठिपके. इको मोड (कमी प्रकाशाचं सेटिंग) लावा, आयरिस (लेन्समधून जाणारा प्रकाश कमी-जास्त करणारं छिद्र) असेल तर लहान करा, आणि तरीही जास्त वाटलं तर लेन्सपुढे कॅमेऱ्याचा एनडी फिल्टर (प्रकाश सरसकट कमी करणारी करडी काच) धरून पाहा. कॉन्ट्रास्टचं प्रमाण त्याने बदलत नाही, पण काळा अंधाराच्या बराच जवळ जातो आणि दिवे तरी पुरेसे तेजस्वी राहतात.

दुसरी गोष्ट इंद्रधनुष्याची. एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये (चिपवर सूक्ष्म आरसे असतात) लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक दाखवले जातात. नजर झटकन फिरली की काहींना दिव्यांच्या कडेला रंग फुटलेले दिसतात. सगळ्यांना नाही दिसत. पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे दिवे आणि सतत फिरणारी नजर ही त्यासाठी सर्वात वाईट परिस्थिती आहे, आणि रात्रीचं लँडिंग म्हणजे नेमकं तेच. घेण्याआधी रात्रीचा विमानतळ लावून पाहा, दिवसाचं दृश्य पाहून ठरवू नका. थ्री-एलसीडीत तिन्ही रंग एकाच वेळी येतात, म्हणून हा त्रास नाही.

खोलीच्या भिंतीही बघा. पांढऱ्या भिंती आणि पांढरं छत पडद्याचा प्रकाश परत पडद्यावर टाकतात. पडद्याजवळच्या भिंतींना गडद पडदे लावले तर नवा प्रोजेक्टर घेण्यापेक्षा जास्त फरक पडतो, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

आकाशगामी

सगळं वाचलं. मी व्हीआरवाला आहे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून उडतो, त्यामुळे एक आक्षेप नोंदवतो. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाताना, धावपट्टी तुमच्या खांद्याशी, ९० अंशांवर असते. ५८ अंशांच्या पडद्यावर ती दिसणारच नाही. बेस लेगवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्यावर) कधी वळायचं ते कसं ठरवता? व्हीआरमध्ये नुसती मान वळवायची. शिवाय दोन डोळ्यांना दोन चित्रं, त्यामुळे कॉकपिटची खोली खरी.

बारकाव्याचंही बोलूया. ४५ मीटर रुंदीची धावपट्टी १० किलोमीटरवरून पाहिली तर २ मीटरवरच्या पडद्यावर ती ९ मिलिमीटर रुंद दिसायला हवी. फुल एचडीत १०० इंची चित्राचा एक पिक्सेल सुमारे १.१५ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम आठ पिक्सेल. तुमच्या त्याच २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) मॉनिटरवर ती तेरा पिक्सेलांची होते.

क्षितिजवेडा (धागाकर्ता)

आकाशगामी, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. बारकावा हवा असेल तर फोर-के प्रोजेक्टर घ्यावा, तिथे आठाचे सोळा पिक्सेल होतात. स्वस्त डीएलपी फोर-केमध्ये चिपवर तेवढे आरसे नसतात. फुल एचडी चिप चित्र फार वेगाने चार जागी सरकवून ते दाखवते. पण सिम्युलेटरच्या दूरच्या दृश्याला ते चालतं. लांबून पापीचे दिवे, म्हणजे धावपट्टीशेजारचे ते चार लाल-पांढरे दिवे, वेगवेगळे ओळखू येण्यातला फरक मला स्पष्ट दिसतो.

डाउनविंडचं म्हणाल तर एका पडद्यावर मी जॉयस्टिकच्या हॅट स्विचने (अंगठ्याने हलवायच्या बटणाने) बाजूचा व्ह्यू घेतो, क्षणभर बघतो आणि परत येतो. हेड ट्रॅकिंग मात्र मोठ्या पडद्यावर मला पटत नाही. मॉनिटरवर ते छान चालतं, पण इथे मान वळवली की अख्खी भिंत वाहू लागते आणि समोर जग उभं आहे हा जो विश्वास बसलेला असतो तो क्षणात जातो.

आणि व्हीआरमध्ये स्वतःचे हात, खरे थ्रॉटल, कागदावरची चेकलिस्ट, शेजारी बसलेला माणूस, यांतलं सहसा काही दिसत नाही. मला शेजारचा माणूस हवा असतो. अर्थात त्याचीही किंमत आहे. शेजारची खुर्ची १ मीटरवर असेल तर २ मीटरवरच्या पडद्यावर माझ्यासाठी सरळ समोर असलेला बिंदू त्याला २७ अंश बाजूला दिसतो. त्याने लँडिंग केलं तर तो तिरकाच येणार. त्याची पाळी आली की आम्ही जागा बदलतो.

घिरट्या

आकाशगामी यांचा मुद्दा मी तीन प्रोजेक्टर लावून सोडवला. थोडक्यात लिहिते, कारण हा एक वेगळा धागा होईल.

एकच रुंद चित्र तिघांवर ताणू नका. सपाट प्रक्षेपणात मध्यापासून दूर गेलं की चित्र ताणलं जातं, आणि ६० अंश बाजूला ते आडव्या दिशेने चौपट होतं. तीन वेगळे कॅमेरे हवेत, प्रत्येक आपापल्या कोनात वळवलेला. एक्स-प्लेनमध्ये हे पूर्वीपासून आहे, प्रत्येक स्क्रीनला आडवा ऑफसेट अंशात देता येतो. मायक्रोसॉफ्टमध्ये एकाहून जास्त व्ह्यू विंडोंची सोय २०२२ मध्ये आली. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर मोफत आहे आणि त्यातही कॅमेरे हवे तसे मांडता येतात.

पिक्सेलचा हिशोब घाबरवणारा नाही. तीन फुल एचडी मिळून ६२ लाख पिक्सेल, एक फोर-के ८३ लाख. भार पडतो तो प्रोसेसरवर, कारण दृश्य तीनदा मांडावं लागतं.

वक्र पडद्याच्या मोहात लगेच पडू नका. त्याला चित्र वाकवून देणारं आणि कडा एकमेकींत मिसळणारं सॉफ्टवेअर लागतं, उदाहरणार्थ इमर्सिव्ह डिस्प्ले प्रो. शिवाय रात्रपाखरू म्हणाले तो काळ्याचा प्रश्न तिथे दुप्पट होतो. जिथे दोन प्रोजेक्टरची चित्रं एकमेकांवर येतात तिथे दोघांचं राखाडी मिळून रात्री उभा पट्टा दिसतो. मी तीन सपाट पडदे कोनात उभे केले, चित्रं एकमेकांना फक्त भिडवली, मिसळली नाहीत. जोडावर एक बारीक रेषा राहते, ती खिडकीच्या खांबासारखी वाटते. तिन्ही प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर डावीकडचं आकाश आणि समोरचं आकाश वेगळ्या निळ्याचं होतं.

शिकाऊ_वैमानिक

तीन माझ्याने होणार नाहीत, एकावरच सुरुवात. शेवटचे दोन प्रश्न. मोठ्या चित्रासमोर काहींना मळमळतं असं ऐकलंय. आणि संगणक खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, १० मीटर एचडीएमआय केबल चालेल का?

रात्रपाखरू

मळमळीचं : डोळे सांगतात आपण वळलो, कान म्हणतात आपण बसलोय. नजरेच्या कडेला हालचाल जितकी जास्त तितका हा झगडा मोठा. कॅमेऱ्याचे हादरे आणि डोकं डोलण्याचे इफेक्ट सेटिंगमधून पूर्ण बंद करा, कोन खरा ठेवा, फ्रेम रेट स्थिर ठेवा (अधूनमधून ६० ला जाणाऱ्यापेक्षा कायम ४० बरा), आणि समोर न हलणारं काहीतरी दिसत राहू द्या. घिरट्या यांचं खरं पॅनेल तेच काम करतं. सुरुवातीला शांत हवेत, छोटी उड्डाणं.

सरळरेषा

केबलचं : फुल एचडीला चांगली १० मीटर तांब्याची केबल बहुधा चालेल. फोर-के ६० हर्ट्झला १८ गिगाबिट वेग लागतो. तिथे तांब्याची केबल ५ मीटरपुढे भरवशाची राहत नाही, मधूनच चित्र जातं किंवा ठिणग्यांसारखे पिक्सेल दिसतात. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. ती एकाच दिशेने चालते, कोणतं टोक संगणकाकडे ते वर लिहिलेलं असतं, भिंतीत बसवायच्या आधी पाहून घ्या. आणि केबल मागवण्यापूर्वी प्रोजेक्टर टेबलाखाली ठेवून पुठ्ठ्यावर चित्र पाडून पाहा, जागा पक्की झाली की मगच लांबी मोजा.

शिकाऊ_वैमानिक

धन्यवाद सगळ्यांना. आज खुर्चीत बसून डोळ्यांची उंची मोजली, ११२ सेंमी आली. भिंतीवर तिथे पेन्सिलने रेघ मारलीय. प्रोजेक्टर छतावरून काढतोय. सूर्याची चाचणी करून कोन किती येतो ते इथेच लिहीन.